दार आतून लागलं की बाहेरून

ऑक्टोबर हा महिना मला आजतागायत नीट कळलेला नाही. पाऊस गेला म्हणून छत्री माळ्यावर टाकावी, तर दुपारी आभाळ गडगडायला लागतं. छत्री बरोबर घ्यावी, तर असं ऊन तापतं की बोईसरच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. उन्हाळा म्हणायचा की हिवाळा, ताक प्यायचं की काढा, काही म्हणता काही ठरत नाही. सफाळ्याहून सकाळी निघताना रुळांच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं होऊन मान टाकून उभं असतं. त्याचा तो कोरडा, गोडसर वास मी नाकात भरून घेते आणि बोईसरला उतरून कंपनीच्या गेटापर्यंत पोचते, तोवर तो कुठल्या कुठे गेलेला असतो. गेटावरचा वास वेगळा. त्याला नाव द्यायच्या भानगडीत आम्ही कोणी पडत नाही.

यंदाही भात पिवळं झालं आणि त्याच सुमाराला आमच्या 'डबा पार्टी' ग्रुपवर दुबेजींचा मेसेज आला. "चौथा सीज़न आ रहा है!" पुढे रॉकेटं, रडणारे चेहरे आणि जोडलेले हात यांची नुसती रांग. मी मेसेज वाचला, फोन पालथा घातला आणि उगाचच कुकरवर चिडले. खरं तर आनंद व्हायला हवा होता. ज्या मालिकेपायी इतका घसा कोरडा केला, ती परत येतेय. पण ती यायला हवी आहे की नको, हेच मला कळेना. अजूनही कळत नाही, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

मालिकेचं नाव 'दूर की छावनी'. ती मूळ कुठल्या देशातली, कुठल्या भाषेतली, यावरही आमचं कधी एकमत झालं नाही. आम्ही हिंदीत डब केलेली पाहिली. गोष्ट तशी सरळ आहे. कुठल्याशा लांबच्या ग्रहाच्या बर्फाळ चंद्रावर काही माणसं खाणीच्या कामाला जातात. करार संपला की परत यायचं असतं. पण संपर्क तुटतो. पहिल्या सीझनमध्ये ती तिकडे अडकतात, दुसऱ्यात अडकूनच राहतात आणि तिसऱ्यात बऱ्याच वर्षांनी परत येतात. बस्स, एवढंच. आणि एवढ्यावरून मी, चुरीकाका आणि दुबेजी, अशी तीन बऱ्यापैकी शहाणी माणसं कंपनीच्या कँटीनमध्ये रोज जेवणाच्या सुट्टीत हमरीतुमरीवर येत होतो.

चुरीकाका चिंचणीचे, मेंटेनन्सला, निवृत्तीला टेकलेले. त्यांना मालिका मुळीच आवडायची नाही आणि ते एकही भाग चुकवायचे नाहीत. "अरे, तो वॉल्व्ह तसा उघडतच नाही! प्रेशर गेलं कुठे? खिशात घातलं काय?" असं म्हणत ते घास हातात धरून बसायचे. दुबेजी बॉयलरवर. मूळचे यूपीचे, पण बोईसरात इतकी वर्षं काढलेली की मराठीत भांडायचे आणि हिंदीत रडायचे. त्यांना सगळंच आवडायचं. "काका, तुम्ही वॉल्व्ह बघता. मैं आदमी देखता हूँ." आणि मी क्यूसी लॅबमधली. औषधाची गोळी पाण्यात किती वेळात विरघळते ते बघायचं, नियमात बसली तर पास, नाहीतर नापास. दिवसभर निकाल देऊन देऊन मला जेवतानाही निकाल लागतो. पण या मालिकेने माझी पार पंचाईत केली. पहिला सीझन पास. दुसरा नापास. तिसऱ्यापुढे अजून काही लिहिता आलेलं नाही.

ते कँटीन आठवलं की आधी बोंबील आठवतो. चुरीकाकांच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असायचीच. दुबेजी शुद्ध शाकाहारी. काकांनी झाकण उघडलं की ते आपली लोणच्याची बाटली नाकाशी धरायचे, पण टेबल बदलायचे नाहीत. टेबल बदललं तर भांडणार कोणाशी? मोबाइल आत न्यायला बंदी होती, सगळे फोन लॉकरमध्ये. त्यामुळे पुरावा दाखवायची सोय नव्हती. कोण काय म्हणालं, कोण कुठे उभं होतं, सगळं आठवणीवर. आणि आठवण प्रत्येकाची आपापल्या बाजूने साक्ष द्यायची. मी तर एकदा न घडलेला प्रसंग छातीठोकपणे सांगून भांडण जिंकले होते. घरी येऊन भाग पुन्हा लावला तेव्हा कळलं की तसं काही नव्हतंच. पण आता जिंकले होते ना, मग कशाला बोला!

सगळ्यात मोठं भांडण पहिल्या सीझनच्या एका भागावरून झालं. त्या भागात अवकाश नाही, यान नाही, काही नाही. इथे पृथ्वीवर, खाणकंपनीच्या कचेरीबाहेर, अडकलेल्यांच्या बायका बाकावर बसल्यात. आत काहीतरी निरोप येणार आहे म्हणून. एक सगळ्यांसाठी चहा आणते. एक स्वेटर उसवते आणि तोच परत विणते. एक उगाच बसायच्या जागेवरून तंडते. निरोप येत नाही. भाग संपतो.

चुरीकाकांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या. "अख्खा भाग बायका नुसत्या बसलेल्या! ह्याला सायन्स फिक्शन म्हणतात? मग आमच्या चिंचणीच्या दवाखान्याबाहेर रोजच सायन्स फिक्शन चालू असतं!"

मी त्या दिवशी काकांच्या बाजूने होते. दुबेजी एकटे पडले होते आणि लोणचं खात बसले होते. तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला.

"बसतातच तशा."

संगीता धोडी. पॅकिंगला होती, कंत्राटातली. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायचं काम. कुंभवलीत दोघीतिघी मिळून एक खोली घेतलेली, आणि सुट्टीला तलासरीकडच्या आपल्या पाड्यावर जायची. तोवर ती आमच्याशी कधी बोलली नव्हती. आमचं बोलणं मात्र रोज ऐकत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"आमी बी बसतो," ती म्हणाली. "तहसीलात, पोलिसात, बोटीच्या मालकाच्या दारात. तितं बाक बी नाय. त्यांना बाक तरी दिला."

मग कुठे तिची कहाणी कळली. तिच्या पाड्यावरची पुरुष माणसं शेतीचं काम आटपलं की गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तिचा नवरा लक्ष्मण असाच गेला होता. समुद्रावर कुंपण थोडंच घातलेलं असतं? बोट पलीकडच्या देशाच्या पाण्यात गेली म्हणून तिकडच्या लोकांनी बोटीसकट सगळ्यांना धरलं आणि तुरुंगात टाकलं. त्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. जिवंत आहे, एवढंच माहीत. अधूनमधून कोणाकडून तरी निरोप यायचा, की बरा आहे म्हणे. कोण म्हणालं, कधी म्हणालं, पत्ता नाही.

चुरीकाकांचा चेहरा असा पडला की बघवेना. डब्याचं झाकण लावायचं सोडून ते डबाच झाकणावर ठेवायला लागले. पण संगीताने त्यांना फार वेळ ओशाळू दिलं नाही. "काका, ते बर्फातले राक्षस मात्र उगाच घातलेत," ती म्हणाली. "आधीच तरास काय कमी हाय?"

"तेच म्हणतो मी!" काका उसळले, आणि आमचं टेबल चौघांचं झालं. तिचं जेवण आधीच संपलेलं असायचं, त्यामुळे ती खुर्ची मागच्या टेबलापाशीच ठेवून फक्त तोंड आमच्याकडे वळवून बसायची. तिला आपापल्या पक्षात ओढायला आम्ही काय काय केलं! दुबेजींनी लोणचं दिलं, मी माझी बाजू समजावायला तिला गेटापर्यंत सोडायला जायला लागले. ती कोणाच्याच पक्षात आली नाही. तिला पहिला सीझन आवडायचा कारण त्यात बायका बसलेल्या होत्या. दुसराही आवडायचा, कारण त्यात काही होत नव्हतं. "काय व्हतच नाय, तेच तर दाखवलाय," ती म्हणायची. यावर काय बोलणार, सांगा. माझा नापासचा निकाल तिथेच डळमळला.

आता तिची पाळी वेगळी असते, आमच्या सुट्टीच्या वेळा जुळत नाहीत. दुबेजींच्या मेसेजवर तिने परवा नुसता अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा? बघणार आहे? की कळलं, आता पुरे? मी त्या अंगठ्याकडे किती वेळ बघत बसले होते. या मालिकेने मला एवढंच शिकवलंय, साध्या गोष्टीकडे संशयाने बघायला.

तिसरा सीझन सुरू झाला, तो असाच भात पिवळं पडण्याच्या दिवसांत. अडकलेली माणसं परत येतात. त्यातला एक इंजिनीअर घरी येतो. तोच चेहरा, तोच आवाज. पण हळूहळू बायकोच्या लक्षात येतं की काहीतरी वेगळं आहे. पूर्वी बिनसाखरेचा चहा प्यायचा, आता साखर मागतो. घरच्या कुत्र्याचं नाव त्याला आठवत नाही. मग शेजारीपाजारी कुजबुजायला लागतात, की त्या चंद्रावरून आलेला हा माणूस खरा नाहीच, तिकडच्या कशानेतरी त्याचं सोंग घेतलंय. खरं काय, ते मालिका काही शेवटपर्यंत सांगत नाही. शेवटच्या भागात बायको त्याला विचारते, "तू कोण आहेस?" तो उत्तर देत नाही. दोघं उंबऱ्यापाशी उभे असतात. एकदम दार लागतं, पडदा काळा होतो, खेळ खलास. दार तिनं लावलं की त्याने? तो आत राहिला की बाहेर? कळतच नाही.

आख्ख्या देशात यावरून रणं माजली म्हणे. आमच्या टेबलावर तर माजलीच. चुरीकाका म्हणाले, लेखकाला शेवट सुचला नाही, म्हणून दिवा मालवून पळाला. दुबेजी म्हणाले, ऐसा अंत आज तक नहीं देखा. आणि तो आतच आहे, हे लहान मूलही सांगेल. "कसला आत? बाहेर घालवला त्याला!" काका टेबलावर मूठ आपटून म्हणाले. मी सोमवारी आत म्हणत होते आणि मंगळवारी बाहेर. बुधवारी दोघांनी मला भांडणातून काढून टाकलं.

आणि त्याच आठवड्यात संगीता धावत कँटीनमध्ये आली. सोडणार होते. पलीकडच्या तुरुंगातून काही खलाशांना सोडणार होते आणि त्यात लक्ष्मणचं नाव होतं. ती हसत होती, डोक्यावरची पॅकिंगची टोपी काढायचीही विसरली होती. "येतोय वो मॅडम, येतोय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. दुबेजी अर्थातच रडले.

ती गेल्यावर आमच्या टेबलाची मात्र पाचावर धारण बसली. तिने तिसरा सीझन अर्ध्यापर्यंत पाहिला होता. पुढचं तिने बघितलं तर? ज्या बाईचा नवरा इतक्या वर्षांनी परत येतोय, तिने नेमकं हेच बघायचं? ठरलं की तिला शेवट कळू द्यायचा नाही. हा आमचा कट. कट करणारी माणसं कोण, तर एक जण बॉयलरच्या आवाजात ओरडून बोलायची सवय झालेला, आणि दुसरे चुरीकाका, ज्यांच्या पोटात दुपारची भाजीसुद्धा गुप्त राहत नाही. "शेवटचे भाग अजून डब व्हायचे आहेत," असं मी तिला सांगितलं. "हां हां, डबिंगवाला बीमार है," दुबेजींनी जोड दिली. काका छताच्या पंख्याकडे बघत राहिले. संगीता आमच्याकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "बरा होऊ दे त्याला." तेव्हा मला वाटलं होतं, जमलं बाई.

लक्ष्मण आला. पंजाबातल्या सीमेवरून गुजरात, तिथून गाडीने गावी. कोणीतरी हार घातले, कोणीतरी फोटो काढले. ग्रुपवर आलेल्या फोटोत एक बारीक, उन्हाने काळवंडलेला माणूस हारात मान आखडून उभा होता. त्याच्या बाजूला संगीता, नव्या साडीत, कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत असलेली. आम्ही कँटीनमध्ये पेढे वाटले. तिने लांबलचक रजा टाकली होती. कापणीचे दिवस, घरात माणूस परत आलेला, मजा करू दे पोरीला, असं आम्ही म्हणत होतो.

ती रजा संपायच्या कितीतरी आधीच कामावर आली. डबा उघडलाच नाही. आमचं विचारायचं धाडस होईना, म्हणून तीच बोलली.

"झोपत नाय वो तो. आडवा होतो नि उठून बसतो. दार लावला का उठतो, उघडा ठेवला का दाराकडं बघत बसतो. पानी पितानी मना विचारतो, पिऊ का? आपल्या घरात! भायेर जाऊ का, हे बी विचारतो."

"होईल गं हळूहळू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"त्याचा काय नाय. मी समजून घेते. पन परवा खळ्यावर झोडनी चालली होती, सगळा पाडा तितं. आमच्यात नवा दाना कणसरीला दाखवल्याबिगर कोन तोंडात घालत नाय. बारकी पोरं बी घालत नाय, मॅडम. ती आमची धान्याची देवी. आनि ह्यानं मूठभर भात घेतला, हातावर चोळला, फुंकला नि चावला. सगळ्यांच्या समोर. माझी सासू बघतच रायली. तिनं त्याचा हात धरला नि झटकला. मंग बोलली, ह्यो माझा लखू नाय. तिकडनं दुसराच कोन आलाय. आता भगताला बोलवायचा बोलते. आनि मना बोलते, तू त्याच्या जवळ झोपू नको."

कुठे तो बर्फाचा चंद्र आणि कुठे हे खळं! माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला. आम्ही एवढी काळजी घेतली, शेवट लपवला, आणि मालिका चोरपावलांनी मागच्या दाराने तिच्या घरात शिरलीच की.

"तुला काय वाटतं?" चुरीकाकांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मना कळत नाय, काका. तोच हाय. दात तोच, पायावरचा डाग तोच, हाक मारतो ती बी तशीच. रातचा बघते त्याच्याकडं, तर मनात येतं, तोच कशावरनं? आनि मंग माझीच मना लाज वाटते." मग सरळ आमच्याकडे बघून म्हणाली, "त्या दाराचा काय झाला?"

"कुठल्या दाराचा?" मी वेड पांघरलं.

"मॅडम, मी मागच्याच टेबलावर असते. डबिंगवाल्याला काय नाय झाला. तुमी रोज भांडता ना, तो आत का भायेर. मी तो भाग पायला नाय, मुद्दाम. बोलली, तुमी शिकलेली माणसं, ठरवाल कायतरी, मंग बघीन. आता सांगा. तो आत होता का भायेर?"

"आत," दुबेजी म्हणाले.

"बाहेर," चुरीकाका त्याच वेळी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

"इतके दिवस भांडलात," संगीता म्हणाली, आणि तिला रडू फुटलं, "नि तुमाला बी माहीत नाय?"

त्या संध्याकाळी घरी जाताना मी खिडकीतून नुसती कापलेली शेतं बघत होते. सकाळी ज्या शेतात भात उभं होतं तिथे संध्याकाळी नुसती खुंटं. शेत तेच का? मी तरी तीच का? माझ्या नवऱ्याला उद्या कोणी विचारलं, ही तुझीच बायको कशावरून, तर तो काय सांगेल? चिडते म्हणून? पण लग्नाच्या वेळी मी चिडत नव्हते, असं त्याचं म्हणणं आहे. आपण रोज थोडेथोडे बदलतो तेव्हा घरच्यांना कळत नाही, कारण ते शेजारी असतात आणि तेही बदलत असतात. लक्ष्मणचं सगळं बदलणं एकदमच घरी आलं, एकाच दिवशी, हार घालून. त्याला त्या चार भिंतींत भूक लागली असेल तेव्हा कुठली कणसरी आणि कुठलं काय! समोर येईल ते, मिळेल तेव्हा खायचं. हे मला कळत होतं. पण त्याच्या आईचंही मला कळत होतं. तिने इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो पोरगा कणसरीआधी दाणा चावणारा नव्हता. मग ती कोणाला घरात घेणार? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी हरले.

रविवारी आम्ही तिच्या पाड्यावर गेलो. तिनेच बोलावलं होतं. "या घरी. सगळी मिळून बघू. तो बी बघंल," म्हणाली. मला हे पटलेलं नव्हतं. त्याच्यासमोर तो भाग लावायचा? हा शहाणपणा की आगीशी खेळ? पण तिच्या चेहऱ्याकडे बघून कोणी नाही म्हणालं नाही. काकांच्या जुन्या गाडीत आम्ही तिघं. रस्त्यात दुबेजींनी बोंबलाच्या वासाबद्दल तक्रारही केली नाही, इतके सगळे धास्तावलेले.

कुडाचं घर, शेणाने सारवलेली ओटी, अंगणात भाताचे भारे रचलेले. लक्ष्मण ओटीच्या कडेला उकिडवा बसला होता. आम्हाला बघून तो पटकन उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला, हात मांडीला लावून. संगीताने डोळ्यांनीच त्याला बस म्हटलं, तेव्हा बसला. सासू खळ्यावर गेली होती. घरात माणसं येणार म्हणूनच गेली असावी.

आत गेल्यावर संगीताने दार लोटून घेतलं, उजेडामुळे चित्र दिसेना म्हणून. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. त्या एवढ्याशा पडद्याभोवती आम्ही पाच जण दाटीवाटीने बसलो, आणि भाग सुरू झाला. मी मालिका बघतच नव्हते. मी लक्ष्मणकडे चोरून बघत होते. साखरेच्या चहाच्या प्रसंगाला तो हलला नाही. शेजारी कुजबुजतात तेव्हा संगीताने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू कोण आहेस?" असं ती बाई म्हणाली तेव्हा मी त्याच्यावरची नजर काढून घेतली. मग दार लागलं. पडदा काळा.

लक्ष्मण त्या काळ्या पडद्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "संपला?"

"संपला," संगीता म्हणाली.

"मंग तो गेला कुटं?"

"आत!" दुबेजींना राहवलं नाही. "आत गेला, भाईसाहब, अंदर. उसका घर है."

"काहीतरी बोलू नका," काका म्हणाले. "सावली बघितलीत? सावली अंगणात पडलीय. माणूस आत, आणि सावली बाहेर?"

"ती सावली झाडाची!" मी म्हणाले.

"झाडाला हात असतात काय?"

झालं. इतक्या दिवसांचा कोंडमारा एकदम फुटला. दुबेजी गुडघ्यांवर उठून हातवारे करायला लागले. मी आत म्हणत होते. का म्हणत होते देव जाणे, पण जीव तोडून म्हणत होते. काका बाहेरचा हट्ट सोडेनात. साखर, कुत्रं, सावली, सगळं पुन्हा एकदा उगाळून झालं. आवाज एवढा चढला की बाहेरच्या कोंबड्या पळाल्या. आणि मग काका बोलता बोलता मध्येच थांबले. आम्हीही थांबलो.

लक्ष्मण झोपला होता. भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं, मान संगीताच्या खांद्याकडे कललेली. दार लागलेलं होतं आणि तो झोपला होता.

खोलीत शांतता झाली, आणि लगेच त्याच्या भुवया आक्रसल्या. बोटं हलली. डोळे उघडायच्या बेतात आले.

"थांबू नका," संगीता घाईने कुजबुजली. "तिकडं बराकीत सगळी सारखी बोलत, तो सांगतो. गप झाली का समजायचा, कायतरी झाला. बोला, काय बी बोला."

दुबेजी चाचरत म्हणाले, "तर… मी काय म्हणत होतो… कुत्र्याचं नाव…"

"कुत्र्याचं नाव त्याला आधीही माहीत नव्हतं," काका म्हणाले. गेले कित्येक दिवस ते नेमकं याच्या उलट म्हणत आले होते. "घरात कुठे असायचा तो? पहिल्या सीझनमध्ये कुत्रं लहान होतं."

"म्हणजे तुम्ही आता त्याच्या बाजूने?" मी विचारलं. "मग मी बाहेर म्हणते."

असे आम्ही भांडत राहिलो. पक्ष बदलून, मुद्दे बदलून, एकमेकांचे मुद्दे उसने घेऊन. मला त्यातलं एक अक्षर आता आठवत नाही. लक्ष्मणची मान हळूहळू खाली येत संगीताच्या खांद्यावर टेकली, तेवढं आठवतं. ती हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिने ते पुसलंही नाही, हात हलवला तर तो उठेल म्हणून.

कधी ते कळलं नाही, पण दार किलकिलं झालं होतं. तिची सासू डोक्यावर टोपली घेऊन दारात उभी होती. आम्ही तिघंही एकदम चिडीचूप. ती आमच्याकडे बघत होती, मग झोपलेल्या लक्ष्मणकडे, मग पुन्हा आमच्याकडे.

"ही कशावरनं भांडतात?" तिने सुनेला विचारलं.

"त्या गोष्टीत एक मानूस लई वर्सानी घरी आलाय, आई," संगीता म्हणाली. "तो तोच हाय का दुसराच कोन, त्यावरनं भांडतात."

म्हातारीने टोपली उतरवून खाली ठेवली. आत आली, आणि दार मागे लोटून लक्ष्मणच्या पायाशी बसली. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मंग? काय ठरला?" तिने आम्हाला विचारलं.

"अजून नाही ठरलं," मी म्हणाले.

लक्ष्मणच्या भुवया पुन्हा आक्रसल्या. तिने त्याच्या पायावर हात ठेवला.

"मंग गप कशाला बसलात?" ती आमच्यावर खेकसली. "बोला. तो उठंल."